बेळगावात नवे आहात? आधी लोंढा आणि मिरज समजून घ्या

दर जूनमध्ये बेळगाव स्टेशनात तोच प्रश्न कानावर पडतो. कॉलेजात नाव घातलेलं कोल्हापूरकडचं पोर, सोबत बाप, हातात नवी बादली आणि काखेत गादीची वळकटी. बाप खिडकीवर वाकून विचारतो, "कोल्हापूर गाडी किती वाजता?" आतून उत्तर यायच्या आधीच रांगेतला एखादा काका बोलतो, "अवो, कोल्हापूरला रेल्वेनं कशाला जाऊलाय? बस स्टँडावर जावा की."

काकांचं बरोबरच असतं. पण ते का बरोबर, हे कळायला वेळापत्रक पुरत नाही. मी खानापूरहून बेळगावला अठरा वर्षं पासवर ये-जा केली. त्या अठरा वर्षांत मला एकच गोष्ट पक्की कळली : आपल्या भागात गाड्यांच्या वेळा बदलतात, नंबर बदलतात, नावंसुद्धा बदलतात, पण लाइन जिकडून जाते तिकडूनच जाते. ती कुणी, कशासाठी टाकली, हे एकदा डोक्यात बसलं की कुठं रेल्वे धरायची आणि कुठं बस, हे कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून ॲप डाउनलोड करायच्या आधी हे वाचा.

पहिलं काम : लाइन डोळ्यासमोर आणा

बेळगाव हे जंक्शन नाही. दोन जंक्शनांच्या मधलं ते एक मोठं स्टेशन आहे. उत्तरेला मिरज, सुमारे १४० किलोमीटर. दक्षिणेला लोंढा, सुमारे ५० किलोमीटर. इथून गाडी एकतर मिरजेकडे जाणार, नाहीतर लोंढ्याकडे. तिसरी वाट नाही.

मिरजेला गेलात की तीन फाटे फुटतात. एक सांगली, सातारा, पुणे, मुंबईकडे. दुसरा कोल्हापूरला, आणि तो तिथंच संपतो. तिसरा पंढरपूर, कुर्डुवाडीकडे. लोंढ्याला दोन फाटे. एक कॅसलरॉक, कुळे, मडगाव करत वास्कोला. दुसरा अळणावर, धारवाड, हुबळी आणि पुढं बेंगळुरू. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारी गाडी असो की दिल्लीहून गोव्याला, बेळगावला थांबत असेल तर ती ह्या दोन टोकांतून गेलेली असते.

आता प्रश्न पडतो की धारवाड आपल्या आग्नेयेला, हमरस्त्यानं पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर, मग रेल्वे आधी दक्षिणेच्या जंगलात लोंढ्याला का उतरते? तिथून परत वळून धारवाड गाठायचं म्हणजे सगळं मिळून सुमारे १२० किलोमीटर होतात. ह्याचं उत्तर १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि धारवाड-गदगच्या कापसात आहे. त्या दुष्काळानंतर दक्षिणेत रेल्वे टाकण्याची घाई झाली आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. कंपनीला कापूस बंदरावर न्यायचा होता. जवळचं चांगलं बंदर म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यातलं मुरगाव. पोर्तुगीज हद्दीतली लाइन मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत आली, आपल्या बाजूची लाइन तिला येऊन भिडली. लोंढा हे त्यातलं मोक्याचं ठिकाण. तिथूनच मग बेळगाव, मिरज, पुणे अशी लाइन वर काढली. बेळगावकरांनी धारवाडला लग्नाला कसं जायचं, हा विचार त्यात नव्हता.

कोल्हापूरचंही तसंच. ते संस्थान. त्यांनी आपली लाइन मिरजेपर्यंत आणून मोठ्या लाइनीला जोडली, झालं. निपाणी, संकेश्वर ही मधली भरगच्च बाजारपेठ रेल्वेविना राहिली ती आजतागायत. म्हणून बेळगावहून कोल्हापूरला रेल्वेनं जायचं तर आधी मिरज गाठायची आणि मग पश्चिमेला वळायचं : पावणेदोनशेच्या वर किलोमीटर. रस्त्यानं सुमारे ११०. रांगेतले काका आता पटले असतील.

बेळगाव-कित्तूर-धारवाड अशी थेट लाइन मंजूर झालेली आहे. तिच्यासाठी जमिनी घेण्यावरून गर्लगुंजी, नंदीहळ्ळी, देसूर भागातल्या शेतकऱ्यांचा विरोधही झाला, कारण जाणारी जमीन पिकाऊ आहे. ती लाइन होईल तेव्हा होईल. तोवर धारवाडला बसनं जा, घाई असेल तर नक्कीच.

थोडं मागचं

जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'एम अँड एस एम' येतं. १९०८ मध्ये सदर्न मराठा आणि मद्रास रेल्वे एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, तेच हे नाव. पुढं १९५१ मध्ये सदर्न रेल्वे, १९६६ मध्ये साउथ सेंट्रल आणि १ एप्रिल २००३ पासून साउथ वेस्टर्न, म्हणजे नैर्ऋत्य रेल्वे. मुख्यालय हुबळी, विभागही हुबळी. मिरज मात्र मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. त्यामुळं कागदावरची एक हद्द आपण दर प्रवासात ओलांडतो. तक्रार करायची वेळ आली तर आपण कुणाच्या हद्दीत आहोत, हे माहीत असलेलं बरं.

ही सगळी लाइन आधी मीटरगेज होती. पुणे-मिरज १९७० च्या आसपास ब्रॉडगेज झाली आणि आमची मिरज-लोंढा तशीच अरुंद राहिली, थेट नव्वदच्या दशकापर्यंत. मधली वीस-पंचवीस वर्षं पुण्या-मुंबईला जाणारा प्रत्येक बेळगावकर मिरजेला गाडी बदलत होता. मिरजेला तेव्हा तीन मापांचे रूळ होते : पुण्याकडचे रुंद, आपल्याकडचे मीटरगेज आणि पंढरपूरकडचे नॅरोगेज. माझी आजी पंढरीला जाताना मिरज स्टेशनाला 'गाड्यांचं मार्केट' म्हणायची. ट्रंक, वळकटी, पाण्याचा तांब्या आणि चार पोरं घेऊन एका गाडीतून दुसरीत पळायचं. आमच्या घरी प्रवासाला निघताना "मिरजेत हात सोडू नको" असं अजूनही म्हणतात, गाडी बदलायची नसली तरी.

बेळगावच्या स्टेशनाचा चेहरा अलीकडं पार बदलला. सुमारे १९० कोटी खर्चून बांधलेल्या नव्या इमारतीचं लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच दिवशी लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरीकरणाचंही, ते सुमारे ९३० कोटींचं काम. इमारत दिसायला मोठी आहे, पण रोजच्या माणसाला फरक पडला तो दुसऱ्या रुळाचा. एकेरी लाइन होती तेव्हा समोरून एक्स्प्रेस यायची असली की आमची पॅसेंजर देसूरला बाजूला घेऊन उभी करायचे. 'क्रॉसिंग' हा शब्द ऑफिसात उशिराचं कारण म्हणून इतका वापरला गेला की साहेबानंच एकदा विचारलं, "आज क्रॉसिंग कुणाशी?"

दुसरं काम : नावांना फसू नका

आम्ही बेळगाव म्हणतो आणि म्हणत राहू. पण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे आणि तिकिटाच्या ॲपमध्ये तेच शोधावं लागतं. स्टेशनचा कोड मात्र जुन्या नावावरचाच, बीजीएम. तो पाठ करा. कोड टाकला की नावाच्या स्पेलिंगची भानगड राहत नाही. हुबळीचं हुब्बळ्ळी झालंय, बेंगळुरूच्या मुख्य स्टेशनापुढं केएसआर लागलंय, आणि बेंगळुरूत यशवंतपूर वेगळं स्टेशन आहे. गाडी त्यातल्या नेमक्या कुठल्या स्टेशनला जाते, ते बघूनच तिकीट काढा. पहाटे चुकीच्या टोकाला उतरलात तर रिक्षाचं भाडं रेल्वेच्या भाड्याला लाजवतं.

दुसरा सापळा 'रोड' ह्या शब्दाचा. ज्या स्टेशनच्या नावात रोड आहे, तिथं ते गाव नाही. गावाकडे जाणारा रस्ता आहे. आपल्या लाइनीवर गोकाक रोड आणि चिकोडी रोड ही दोन अशी स्टेशनं. आमच्या एका नातेवाइकांनी मुलीसाठी स्थळ बघायला चिकोडीला जायचं म्हणून चिकोडी रोडचं तिकीट काढलं. उतरले तर समोर ऊस, मागं ऊस आणि मधे एक फाटक. दुपारच्या जेवणाला पोचायचे ते चहाला पोचले. गोकाकला जायचं असेल, धबधबा बघायचा असेल, तर घटप्रभा स्टेशनला उतरून बस किंवा टमटम धरणं सोयीचं.

पत्त्यातही रेल्वे आहे. टिळकवाडीत कुणी "दुसऱ्या गेटाजवळ या" म्हणालं तर ते सोसायटीचं गेट समजू नका. पहिलं, दुसरं, तिसरं रेल्वे गेट ही तिकडची खुणेची ठिकाणं. तिसऱ्यावर आता उड्डाणपूल आहे, तरी नाव गेटच. ह्याच लाइनीच्या बाजूनं जाणारा काँग्रेस रोड १९२४ च्या डिसेंबरातल्या बेळगाव काँग्रेसची आठवण. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन.

तिसरं काम : तिकीट

रोजच्या किंवा जवळच्या प्रवासाला अनारक्षित तिकीट. खिडकीवर मिळतं, मोबाइलवर रेलवन ॲपमधूनही मिळतं. ॲपवर तिकीट काढायचं तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा. प्लॅटफॉर्मवर उभं राहून, टीसी दिसल्यावर काढू म्हणाल तर ते निघत नाही. त्यासाठी स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. २०० किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट दिवसभर चालत नाही, हेही लक्षात ठेवा. काढल्यापासून ३ तासांत प्रवास सुरू करायचा. तोवर त्या बाजूची गाडीच नसेल तर पहिल्या गाडीनं. सकाळी काढलेल्या खानापूरच्या तिकिटावर संध्याकाळी कुणी चढलं तर ते विनातिकीटच, आणि विनातिकीट म्हणजे भाडं अधिक कमीत कमी २५० रुपये दंड.

रोज जाणार असाल तर पास. महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा. पासवाल्यानं जनरल डब्यातच बसायचं. स्लीपरमध्ये "दोनच स्टेशनं आहेत की वो" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी टीसीला ऐकवलंय. फायदा झालेला मला आठवत नाही.

लांबच्या प्रवासाचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस होतं. घरातली जाणती माणसं अजून "चार महिने आधी काढ" म्हणतात, त्यांना सांगा. तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी : एसीचं सकाळी १० ला, बिनएसीचं ११ ला. ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आधीच उरकून ठेवा. ११ वाजून २ मिनिटांनी ओटीपीची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता ह्या लाइनीची खास गोम. वेटिंगचे प्रकार असतात. गाडी जिथून सुटते तिथल्या तिकिटाचं वेटिंग लवकर सरकतं. मधल्या स्टेशनांना मिळून थोड्या जागा ठेवलेल्या असतात, त्या 'पूल कोट्या'चं वेटिंग सहसा जागचं हलत नाही. बेळगाव हे बहुतेक लांबच्या गाड्यांचं मधलं स्टेशन. म्हणून बेंगळुरूला जायचं असेल तर आधी बेळगावहून सुटणारी गाडी बघा. रात्रीची बेळगाव-बेंगळुरू सुपरफास्ट ही त्यातली मुख्य. ती सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना सुरू झाली, आणि आमच्याकडं अजून पुष्कळजण तिला 'अंगडींची गाडी' म्हणतात. २०२० च्या सप्टेंबरात ते गेले. गाडीला मिळालेलं हे नाव कुठं लिहिलेलं नाही. तिथं जागा नसेल तर मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा. दिवसा बसून जायचं असेल तर १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेली वंदे भारत. वेटिंगचं तिकीट हातात असलं तरी आरक्षित डब्यात चढायला परवानगी नाही, हे आता कडक झालंय.

बाकीच्या गाड्या थोडक्यात. पुण्याला : गोवा एक्स्प्रेससारख्या जाता-येता गाड्या आहेतच, शिवाय सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत, ती सुरू झाली तेव्हा आठवड्यात तीनच दिवस होती, म्हणून वार बघून ठरवा. मुंबईला दादरच्या गाड्या, चालुक्य आणि शरावती धरून. तिरुपतीला हरिप्रिया, आणि तीच उलट्या बाजूला कोल्हापूरपर्यंत जाते. बेळगावातली निम्मी घरं बालाजीला हरिप्रियानंच गेलेली आहेत, परतताना लाडूच्या वासानं अख्खा डबा ओळखता येतो. गोव्याला गोवा एक्स्प्रेस, पूर्णा. वेळा मी लिहीत नाही, कारण लिहीपर्यंत बदलतात. १३९ ला फोन करा किंवा ॲपमध्ये त्या दिवशीची गाडी कुठं आहे ते बघा.

चौथं काम : स्टेशनात कान उघडे ठेवा

घोषणा कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होतात. पाटीवरचं देवनागरी हिंदीसाठी असतं, तरी वाचता येतं, तेवढा आपला फायदा. कन्नड येत नसेल तर पाच-सहा शब्द पुरतात. "दयविट्टु गमनिसि" म्हणजे कृपया लक्ष द्या. हे ऐकलं की बोलणं थांबवा. ओंदु, एरडु, मूरु म्हणजे एक, दोन, तीन; प्लॅटफॉर्म कळायला एवढं गणित बास. आणि सगळ्यात कामाचा शब्द 'तडवागि', म्हणजे उशिरा. तडवागि ऐकू आलं की खुशाल बाहेर जाऊन चहा घ्या. हमालाला, रिक्षावाल्याला "एष्टु?" म्हणून भाव विचारलात तरी उत्तर बहुतेक वेळा मराठीत येतं. आमच्या इथं एकाच वाक्यात दोन भाषा चालतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

स्टेशन ते बस स्टँड अंतर दोन-तीन किलोमीटर आहे. सामान असेल तर रिक्षा, आणि बसायच्या आधी भाडं ठरवा. माझ्याकडून एकदा पहाटे चारला एकानं दिवसाच्या तिप्पट घेतले, तो म्हणाला, "अंधाराचे पैसे." मी दिले. तुम्ही ठरवून बसा, किंवा उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्ये थांबा.

लष्करभरती किंवा मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधल्या पोरांची सुट्टी असेल तर जनरल डब्यात जागेची आशा सोडा. काळ्या ट्रंका दारापर्यंत रचलेल्या असतात. पोरं मात्र भली. म्हाताऱ्या माणसाला ट्रंकेवर तरी बसवतातच.

पॅसेंजरचा डबा

बेळगावहून दक्षिणेला देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. उत्तरेला सांबरे, सुळेभावी, सुळधाळ, पाच्छापूर आणि पुढं गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग, चिंचली, कुडची, उगार खुर्द, शेडबाळ करत मिरज. ह्या छोट्या स्टेशनांवर एक्स्प्रेस क्वचित थांबते. तिथं राहणाऱ्याला पॅसेंजरच खरी.

सकाळची खानापूर-बेळगाव एकदा कामाशिवायही करून बघा. मे महिन्यात खानापुरात डबा भरतो तो माणसांनी कमी आणि पाट्यांनी जास्त. जांभळं, करवंदं, फणसाचे गरे, ओले काजू. गुंजीकडच्या बायका करवंदं पळसाच्या पानाच्या द्रोणात मांडून, वर ओलं फडकं टाकून आणतात. फडकं दर स्टेशनला एकदा उघडायचं, खालची फळं वर घ्यायची, परत झाकायचं. एक मावशी माझ्या समोर बसायच्या. मापटं त्यांच्या पदराच्या गाठीला बांधलेलं. मी रोज विचारायचा, "काय वो मावशी, आज काय घेऊन जाऊलाय?" त्या रोज म्हणायच्या, "तुझं काय जातंय, घेतोस काय?" आणि बेळगाव यायच्या आधी हातावर चार करवंदं ठेवायच्या. पावसाळा संपला की त्याच पाटीत रताळी. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागातली लाल रताळी, मातीसकट.

ह्या डब्याचे नियम आहेत, कुठं लिहिलेले नाहीत. दाराजवळची जागा पाटीवाल्या बायकांची, कारण त्यांना आधी उतरून बाजार गाठायचा असतो. खिडकीकडचा कोपरा पत्तेवाल्यांचा. दुधाच्या किटलीला पाय लावायचा नाही. नव्यानं चढलात तर आधी उभे राहा. दोन दिवसांत कुणीतरी आपणहून "सरका की थोडं" म्हणून जागा करतं. तिसऱ्या दिवशी तुमचं गाव, नोकरी, लग्न झालंय की नाही, सगळं डब्याला ठाऊक झालेलं असतं.

उत्तरेच्या बाजूला एक तारीख सांभाळा : माघ महिन्यातली चिंचलीच्या मायाक्काची यात्रा. पौर्णिमेच्या आगेमागे रायबाग-चिंचली-कुडचीच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्रातूनही लोक लोटतात, भंडाऱ्यानं डब्याची बाकं पिवळी होतात. यात्रेला जायचं नसेल तर त्या दोन-तीन दिवसांत मिरजेला बसनं जा.

कुठं रेल्वे, कुठं बस

माझा हिशेब सांगतो. मिरज, सांगली, पुणे, हुबळीच्या पुढचं काहीही, बेंगळुरू, तिरुपती : रेल्वे. कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, सावंतवाडी : बस, कर्नाटकाची असो की आपली एसटी. सौंदत्तीच्या यल्लम्माला बस. धारवाडला बस. पंढरपूरला मिरजेपर्यंत रेल्वे आणि तिथून कुर्डुवाडीकडची गाडी. जोड जमत नसेल तर नादी लागू नका. गोव्याचं जरा अवघड आहे. चोर्ला घाटातून बस लवकर पोचते. पण पावसाळ्यात एकदा तरी रेल्वेनंच जा. कॅसलरॉक ते कुळे हा सव्वीस किलोमीटरचा घाट, ३७ फुटांत एक फूट असा उतार. मधे दूधसागर अंगावर येतो. गाडी तिथं रेंगाळली तरी उतरू नका, मनाई आहे आणि पकडतात. १९६१ पर्यंत कॅसलरॉकच्या पुढं परदेश होता. स्टेशनात कस्टमवाले ट्रंका उघडायचे, हे सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी.

जून ते सप्टेंबर त्या घाटात दरड आली की गोव्याच्या गाड्या अडकतात, वळवतात, रद्दही होतात. निघायच्या आधी बघून घ्या.

शेवटचं काम : गजर लावा

पुण्याहून रात्री सुटणाऱ्या बऱ्याच गाड्या बेळगावला पहाटेच्या गाढ झोपेत येतात आणि थोडंच थांबतात. कुडचीजवळ कृष्णेच्या पुलाचा आवाज आला की बेळगावला अजून पुष्कळ वेळ आहे. घटप्रभा गेली की मात्र उठून बसा, चपला शोधा, बर्थखालची बॅग वर घ्या.

मी हे शिकलो ते अशाच एका पहाटे. पुण्याहून परतताना वरच्या बर्थवर डोळा लागला. जाग आली ती थंडीनं. खिडकीबाहेर धुकं, उंच झाडं आणि पिवळ्या पाटीवर लोंढा. गाडी धारवाडकडे निघायच्या बेतात. अर्धी बॅग उघडी तशीच घेऊन उतरलो. प्लॅटफॉर्मवर एक चहावाला किटली घेऊन उभा होता. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात कुणाची तरी.

"बेळगावचे काय?"

"होय."

"रोज एकतरी असतोच की." त्यानं चहा ओतला. "आधी खिडकीवर जाऊन बेळगावचं तिकीट काढा, मग या प्या." मी काढून आलो. तेवढ्यात हुबळीकडून एक गाडी येऊन लागली आणि मी उठलो. त्यानं हात धरला. "इंजिनाचं तोंड बघून चढू नका वो. गोव्याची पण त्याच तोंडाला जाते. डब्यावरची पाटी वाचा."

पाटीवर वास्को होतं. मी परत बाकड्यावर बसलो आणि दुसरा चहा सांगितला.